घोड्यावरून तीन रात्रींची ट्रिप: सामान किती, कुठे बांधायचं, रात्री घोडे कसे ठेवायचे?

रानवाट

नमस्कार मंडळी. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी, अशा तिघीजणी घोड्यांवरून तीन रात्रींची ट्रिप करायचं म्हणतोय, म्हणजे दिवसा रपेट आणि रात्री उघड्यावर मुक्काम, मागे गाडी वगैरे नाही. तिघींनाही घोड्यावर बसायची चांगली सवय आहे, दिवसभराच्या रपेटीही झाल्यात, पण संध्याकाळी घोडा तबेल्यात जायचा आणि आम्ही घरी. घोड्यासोबत बाहेर रात्र काढणं हे आमच्यासाठी पूर्ण नवीन आहे.

ट्रेकिंग मी बरीच वर्षं करते त्यामुळे तंबू, स्लीपिंग बॅग, गॅसचा छोटा स्टोव्ह असलं सगळं घरात आहे. तेच घोड्यावर लादायचं असं डोक्यात होतं. काल सगळं मांडून वजन केलं तर माझ्या एकटीचं २१ किलो भरलं, आणि यात घोड्याचं खाणं धरलेलंच नाही. माझं वजन ६२ किलो, खोगीर गादीसकट १२ किलो. घोडा मध्यम बांध्याचा आहे, वजन नक्की माहीत नाही.

तर विचारायचंय की हे २१ किलो चालतील का, आणि सगळं खोगिराच्या मागे पडशीत टाकलं तर बरोबर का. घोड्याला इतके दिवस काय आणि किती खायला द्यायचं, ते न्यायचं कसं. रात्री बांधायचं कसं, कारण एक जण म्हणतो पायबंद (पुढचे दोन पाय जवळ बांधणारा पट्टा) घाल, दुसरा म्हणतो झाडाला बांध, तिसरा म्हणतो बॅटरीवरचं कुंपण घे. आणि औषधांच्या पेटीत घोड्यासाठी काय हवं. ट्रिपला अजून साधारण दोन महिने आहेत त्यामुळे तयारीला वेळ आहे, सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल.

साधा_स्वार

रानवाट, आधी वजन करून मग विचारताय हे फार चांगलं केलंत. बहुतेक लोक यादी मागतात आणि वजनाचा विषयच निघत नाही, मग तिसऱ्या दिवशी घोड्याची पाठ दुखायला लागली की सगळे विचारतात काय झालं.

पहिलं काम म्हणजे घोड्याचं वजन काढा. काट्यावर न्यायची सोय नसली तरी टेपने अंदाज बराच जवळ येतो. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्या, मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या, म्हणजे शेपटीकडच्या भागाच्या, मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, त्याला ११८८० ने भागा, उत्तर किलोत येतं. समजा घेर १७५ आणि लांबी १६३ आली तर घोडा ४२० किलोच्या आसपास.

आता त्याच्या पाठीवर जे काही चढणार ते सगळं मिळून, म्हणजे तुम्ही, कपडे, बूट, हेल्मेट, खोगीर, गादी, पडशी, पाण्याची बाटली, एकूण एक, त्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत बसलं पाहिजे. हा आकडा उगाच कोणीतरी सांगितलेला नाही. २००८ मध्ये अमेरिकेत ओहायोला ८ घोड्यांवर १५, २०, २५ आणि ३० टक्के वजन ठेवून बघितलं होतं, २५ आणि ३० ला नाडीचे ठोके वाढलेले, स्नायू दुखरे आणि ताठ झालेले दिसले. आणि तिथे काम पाऊण तासाचंच होतं. तुमचं दिवसभराचं, चढउताराचं आणि चार दिवस सलग, म्हणून २० ही वरची हद्द समजा, तिथपर्यंत पोचायलाच हवं असं नाही.

४२० चे २० टक्के ८४ होतात. तुम्ही ६२, खोगीर १२, कपडे बूट हेल्मेट मिळून ३ धरले तर झाले ७७. म्हणजे सामानाला उरले ७ किलो. तुमचे २१ घातले तर एकूण ९८, टक्केवारी २३ च्या वर जाते. त्यामुळे माझ्या मते २१ अजिबात नको. ट्रेकची सगळी सवय इथे थोडी बाजूला ठेवावी लागेल कारण ट्रेकला ओझं आपल्या पाठीवर असतं, जड वाटलं की आपण थांबतो, पट्टा सरकवतो, घोड्याला हे बोलून दाखवता येत नाही आणि तो चालत राहतो.

दुसरा मुद्दा जागेचा, आणि हा मला वजनाइतकाच महत्त्वाचा वाटतो. खोगिराच्या मागे, जिथे फासळ्या संपतात तिथून पुढची कंबर ही घोड्याची नाजूक जागा आहे, खाली आधार नाही. सगळी पडशी तिथे टाकली तर प्रत्येक पावलाला ते ओझं वर उडून तिथेच आपटतं. म्हणून जड वस्तू पुढे, खोगिराच्या पुढच्या बाजूच्या दोन पिशव्यांत: पाणी, स्टोव्ह, हत्यारं, डबे. मागे फक्त हलकं आणि फुगीर, म्हणजे स्लीपिंग बॅग, गरम कपडे, रेनकोट. आणि मागचं बोचकं खोगिराला घट्ट बिलगून बसलं पाहिजे, दोन्ही बाजूंच्या कड्यांना बांधून, हलता कामा नये. हलणारं सामान घासतं आणि घासलं की फोड येतो.

डावी उजवी बाजू सारखी ठेवा. एक छोटा ताणकाटा, आकड्याला पिशवी लटकवायची तो, तेवढा नक्की घ्या आणि रोज सकाळी दोन्ही पिशव्या मोजून मगच चढवा. अर्ध्या किलोच्या वर फरक नको. दुपारपर्यंत एका बाजूची बाटली रिकामी झाली की खोगीर दुसऱ्या बाजूला सरकायला लागतं, तेव्हा लगेच उतरून सामान इकडचं तिकडे करा, मी एका बाजूला जोर देऊन बसते आणि सांभाळते असं करू नका, घोड्याच्या पाठीला त्याने आणखी त्रास होतो.

भांडी एकमेकांवर आपटून वाजणार नाहीत असं मध्ये कापड घाला. टोकदार काहीही घोड्याच्या बाजूला येऊ देऊ नका.

आणि एक गोष्ट जी नवीन लोकांच्या लक्षातच येत नाही, मागे उंच बोचकं बांधलं की चढताना पाय त्याच्यावरून न्यावा लागतो. नेहमीच्या सवयीने पाय टाकला की तो बोचक्याला अडकतो, घोडा दचकतो आणि आपण अर्धवट लटकतो. घरी पूर्ण सामान बांधून दहा वेळा चढा उतरा, जमिनीवरूनही आणि दगडावर उभं राहूनही, दोन्ही बाजूंनी.

चंदी_तोबरा

वरचं सगळं पटलं. मी खाण्यापाण्याचं लिहितो कारण बहुतेक ट्रिपांची गडबड तिथेच होते.

४२० किलोचा घोडा दिवसाला त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा खातो, काम असेल तर दोन धरा, म्हणजे रोजचे ८ किलोच्या वर. चार दिवसांचे ३३ किलो झाले, एका घोड्याचे. तीन घोडे म्हणजे १०० किलो. हे घोड्यावर नेणं शक्यच नाही हे आधी मान्य करा, म्हणजे पुढचं नियोजन सोपं होतं. दाबून केलेल्या गवताच्या कांड्या किंवा वड्या मिळतात, त्यांनी जागा वाचते पण वजन तेवढंच राहतं.

मग दोनच रस्ते उरतात. एक तर मुक्कामाच्या जागा आधी ठरवून तिथे आदल्या दिवशी गाडीने वैरण टाकून ठेवायची, ताडपत्रीत गुंडाळून, जमिनीपासून वर. नाहीतर चरायला मिळेल अशाच जागी मुक्काम करायचा. चराईसाठी जागेच्या मालकाची किंवा तिथल्या वनखात्याची परवानगी आधी घ्या, काही ठिकाणी चराई बंद असते, काही ठिकाणी बाहेरची वैरण आणायलाही मनाई असते कारण तिच्यातून तणाचं बी पसरतं. आणि चरून पोट भरायला घोड्याला तास न् तास लागतात. अंधार पडेपर्यंत चालत राहिलात तर तो उपाशीच झोपेल. दुपारी तीन-चारला थांबायचं, सामान उतरवायचं आणि त्याला चरू द्यायचं, मग आपला तंबू.

चंदी, म्हणजे दाणा, थोडीच न्या. एका वेळी दोन किलोच्या आत, आणि घरी जी खातो तीच. ट्रिपला जायचं म्हणून ताकदीसाठी एकदम नवीन दाणा सुरू करणं हे पोटशूळाला आमंत्रण आहे. वाटेत वेगळी वैरण मिळणार असेल तर ती आताच घरी आणून सात ते दहा दिवसांत हळूहळू मिसळून सवय लावा. कांड्या देणार असाल तर भिजवून द्या, कोरड्या घशात अडकू शकतात. तोबरा, म्हणजे तोंडाला अडकवायची चंदीची पिशवी, न्या, वजन काहीच नसतं आणि जमिनीवर चंदी सांडून त्यासोबत माती पोटात जाणं टळतं. पण तोबरा चढवून विसरू नका, खाऊन झालं की लगेच काढा, आणि तोबरा तोंडावर असताना पाणवठ्याजवळ नेऊ नका.

मीठ विसरू नका. रोज ३० ग्रॅम साधारण, घाम जास्त गेला तर त्याहून जास्त. इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे घामातून जाणाऱ्या क्षारांची, पावडर तेव्हाच द्या जेव्हा समोर भरपूर पाणी असेल, पाण्याशिवाय दिली तर उलटं नुकसान.

पाणी दिवसाला २० ते ४० लिटर, उन्हात त्याहून जास्त. हेही नेता येत नाही, म्हणजे रस्ता पाण्याप्रमाणे आखायचा. दर ओढ्याला, दर तळ्याला थांबा, पिऊ द्या, घाई करू नका. गरम घोड्याला पाणी देऊ नये असं खूप जण अजून मानतात पण ते खरं नाही, तापलेल्या घोड्याला पाणी पिऊ द्यावं आणि अंगावरही ओतावं. घडी होणारी कापडी बादली न्या, पण ती बादली आणि त्यातलं पाणी घरी ओळखीचं करून द्या, काही घोडे अनोळखी बादलीला तोंडही लावत नाहीत.

रानवाट

खूप खूप आभार दोघांचेही. आज टेपने माप घेतलं, घेर १७२ आणि लांबी १६०. हिशोब केला तर ३९८ किलो येतात. म्हणजे २० टक्के ८० पण भरत नाहीत, आणि मी खोगिरासकट ७७. सामानाला तीन किलोसुद्धा उरत नाहीत! मैत्रिणींच्या घोड्यांचंही थोडंफार असंच निघेल असं वाटतंय. आता काय करावं? तबेल्यात एक चौथा घोडा आहे, शांत आहे, वयाने मोठा पण धडधाकट. त्याला सामानासाठी नेणं हा उपाय आहे का? आणि बांधण्याचं कोणी सांगेल का, त्याचीच धास्ती जास्त आहे.

साधा_स्वार

हो, चौथा घोडा हाच बरोबर उपाय. पण त्याच्यासाठी ओझ्याचं वेगळं खोगीर लागेल, स्वारीच्या खोगिरावर दोन पोती बांधून नेणं मला मान्य नाही, ओझं मणक्यावर टेकतं. ओझ्याच्या खोगिराला पुढून छातीचा पट्टा आणि मागून पुठ्ठ्याचा पट्टा हवा म्हणजे चढाला ते मागे आणि उताराला मानेवर जाणार नाही. माणूस घोड्याबरोबर तोल सावरतो, सामान सावरत नाही, ते मेलेलं वजन असतं. त्यामुळे त्याच्यासाठी २० टक्क्यांच्याही खाली राहा. तोही ४०० किलोचा असेल तर खोगीर सोडून ५० किलोच्या वर नको. तिघींचं मिळून ५० म्हणजे माणशी १६, आणि त्यातच स्वयंपाकाचं, दोर आणि औषधं. तंबू तिघींचा एक, स्टोव्ह एक, भांडी एक जोड. तीन तीन वस्तू नेणं म्हणजे निव्वळ खोगीरभरती.

पेट्या दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या, जड वस्तू पेटीच्या तळाला आणि घोड्याच्या अंगाकडे. वर मध्ये हलकं, तंबू किंवा स्लीपिंग बॅगा, मग ताडपत्री आणि मग दोर. दोर कसा आवळायचा हे वाचून येत नाही, कोणीतरी करणाऱ्याकडून हाताने शिका आणि घरी चार-पाच वेळा बांधून त्याला तासभर चालवून आणा, परत आल्यावर बघा काय सरकलंय.

त्याची बागडोर, म्हणजे त्याला धरून न्यायचा दोर, तुमच्या खोगिराला गाठ मारून बांधू नका. हातात धरा, हाताभोवती गुंडाळू नका. तो अडला किंवा घसरला तर सोडता आलं पाहिजे.

तुमच्या स्वतःच्या घोड्यावर मग पाणी, रेनकोट, दुपारचं खाणं एवढंच. आणि मोठ्या उतारांना उतरून चाला, सगळ्यांनीच. त्याच्या पाठीला आराम मिळतो आणि आपल्या गुडघ्यांनाही.

मुक्काम

बांधण्याचं मी सांगते. धास्ती वाटते ते योग्यच आहे कारण रात्री सुटलेला घोडा हे ट्रिपमधलं सगळ्यात मोठं संकट आहे, तो घराच्या दिशेने पळत सुटतो, रस्ते ओलांडतो, आणि आपण अंधारात टॉर्च घेऊन शोधत बसतो.

रात्रभरासाठी मी हायलाइनच्या बाजूने आहे, म्हणजे दोन मजबूत झाडांमध्ये डोक्याच्या वर ताणलेला दोर आणि त्याला खाली घोडे बांधायचे, दावणीसारखंच पण वर. दोर १० ते १२ मिलिमीटर जाडीचा, न ताणला जाणारा घ्या, नायलॉन नको कारण तो रात्रीतून सैल पडतो आणि सकाळी दोर घोड्याच्या छातीपर्यंत आलेला असतो. उंची सात फूट तरी हवी. झाडाला दोर थेट गुंडाळू नका, दोन इंच रुंद पट्टे मिळतात ते झाडाला घाला आणि त्यांच्यात दोर अडकवा, नाहीतर साल सोलली जाते आणि झाड मरतं. प्रत्येक घोड्याच्या जागी दोरात फिरती कडी हवी म्हणजे तो गोल फिरला तरी बागडोर पिळली जाणार नाही. दोन घोड्यांत १२ फूट अंतर, आणि झाडापासूनही पहिला घोडा सहा-सात फूट लांब, कारण घोडे कंटाळले की पुढच्या पायाने उकरतात आणि मुळं उघडी पडतात.

बागडोरीची लांबी हा सगळ्यात नाजूक भाग आहे. इतकी की मोरखीची (डोक्याला घालायच्या, लगाम नसलेल्या पट्ट्याची) कडी खाली सोडली तर जमिनीपासून फूट-दीड फूट वर राहील. त्याला खालचं गवत खाता यावं पण पाय दोरात अडकू नये. जास्त लांब ठेवली तर पाय ओलांडून अडकतो आणि घाबरून तो स्वतःला इजा करून घेतो. गाठ एका ओढीत सुटणारीच मारा, आणि खिशात धारदार चाकू ठेवा, झोपतानासुद्धा. लगामाने कधीही बांधू नका, मोरखी आणि बागडोरच.

एकट्या झाडाला बांधायचं ते फक्त सामान उतरवेपर्यंत, रात्रभर नाही.

पायबंद मला चरण्यापुरता आवडतो, संध्याकाळी तास दोन तास, आपण जागे असताना आणि लक्ष ठेवून. लोकांना वाटतं पायबंद घातला की घोडा जाणार नाही, पण सवय झालेला घोडा पुढचे दोन पाय एकत्र उचलून चांगला पळतो. आणि सवय नसलेला पहिल्याच पावलाला तोंडावर पडतो. म्हणून दोन महिने आहेत तर आत्तापासून घरी मऊ मातीत शिकवा, आधी एक पाय हातात धरून, मग दोरीने, मग पायबंद. एका वेळी सगळे घोडे मोकळे सोडू नका, कळपात जो पुढारी असेल तो बांधलेला ठेवा, बाकीचे त्याला सोडून फार लांब जात नाहीत.

बॅटरीचं कुंपण, म्हणजे खांबांना लावलेली हलका विजेचा झटका देणारी पट्टी, वजनाला हलकं आहे आणि घोड्यांना मोकळीक मिळते, मैत्रीण वापरते आणि तिचं चांगलं चालतं. पण तिच्या घोड्यांना घरीच त्याची ओळख आहे. अनोळखी जंगलात रात्री काही खसफसलं आणि घोडा बिथरला तर ती पट्टी त्याला थांबवत नाही. त्यामुळे पहिल्या ट्रिपला कुंपण दिवसा, रात्री हायलाइन असं मी सुचवीन.

जागा पाण्यापासून ६० मीटर तरी लांब निवडा, जमीन कोरडी आणि थोडी उंच. तंबू घोड्यांपासून इतक्या अंतरावर की हाक ऐकू येईल, पण लाथेच्या टप्प्यात नाही. निघताना लीद पसरवून टाका, उकरलेले खड्डे भरा, उरलेली वैरण उचला. पुढच्या माणसाला तिथे घोडे थांबले होते हे कळू नये इतकं साफ.

आणि ट्रिपच्या आधी एक पूर्ण रात्र तबेल्याच्याच मैदानात काढा. हायलाइन लावा, तंबू लावा, तिथेच शिजवा, तिथेच झोपा. रेनकोट अंगावर चढवून त्यांच्यासमोर फडफडवा, टॉर्च लावून त्यांच्याकडे चालत जा, कारण डोक्याला लाइट लावलेला माणूस अंधारात घोड्याला ओळखू येत नाही. बोलत बोलत जायचं.

टापा

औषधांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय. मी घोड्यांच्या डॉक्टरांसोबत मदतनीस म्हणून बरीच वर्षं काम करतोय.

जाण्याआधी धनुर्वाताची लस चालू आहे ना ते बघा, घोड्यांना धनुर्वात फार लवकर होतो आणि जखमा तर होणारच. नालबंदाला ट्रिपच्या साधारण आठवडाभर आधी बोलवा, अगदी आदल्या दिवशी नको, म्हणजे एखादा खिळा टोचत असेल तर घरीच कळेल. वाटेत नाल पडला तर काय, याची सोय हवी, घोड्याच्या मापाचा एक हूफ बूट, म्हणजे खुरावर चढवायचा बूट, न्या आणि घरी घालून चालवून बघा. खूर साफ करायचा आकडा प्रत्येकीकडे हवा, सकाळी, दुपारी, संध्याकाळी खूर बघायचे.

पेटीत जखम धुवायला सलाइन, पोव्हिडोन आयोडीन किंवा क्लोरहेक्सिडिन, भरपूर गॉज, कापूस, स्वतःलाच चिकटणाऱ्या पट्ट्या चार तरी, बोथट टोकाची कात्री, जाड चिकटपट्टी, हातमोजे, थर्मामीटर, स्टेथोस्कोप. लहान मुलांचे एक-दोन डायपर घ्या, खुराला जखम झाली तर त्यात खूर गुंडाळून वरून चिकटपट्टी, याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. काटेरी तार कापायची पक्कड नक्की, जुनी तार गवतात कुठेही पडलेली असते.

वेदनेचं औषध तुमच्या डॉक्टरांनी दिलं तर त्यांच्याच हस्ताक्षरात घोड्याचं वजन आणि डोस लिहून घ्या, मनाने दुसरा डोस देऊ नका, दुखणं झाकलं जातं आणि पोटशूळ किती वाढलाय ते कळत नाही. माणसांच्या गोळ्या घोड्याला नाहीत.

पण पेटीपेक्षा मला आकडे जास्त महत्त्वाचे वाटतात. विश्रांतीत घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप ३७.५ ते ३८.५ सेल्सियस. हिरडीवर बोट दाबून सोडलं की दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. हे आत्तापासून दर दोन-तीन दिवसांनी आपापल्या घोड्याचे मोजून वहीत लिहा. डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावला की ठोके ऐकू येतात. प्रत्येक घोड्याचे थोडे वेगळे असतात आणि नेहमीचे माहीत असतील तरच बिघडलेले ओळखता येतात. दोन्ही बाजूंनी पोटाचा गुडगुड आवाजही ऐका, तो थांबला तर काळजीचं आहे. खाणं सोडलं, पोटाकडे वळून वळून बघतोय, जमीन उकरतोय, सारखा आडवा होतोय, लीद नाही, यातलं काहीही दिसलं तर खाणं बंद करा आणि डॉक्टरांना फोन, सकाळपर्यंत बघू असं नको. म्हणून प्रत्येक मुक्कामाहून गाडी आत येऊ शकेल असा जवळचा रस्ता कुठे आहे आणि फोनची रेंज कुठे मिळते हे आधी नकाशावर मार्क करून ठेवा.

रोज खोगीर उतरवलं की पाठीवरून आणि तंगाच्या, म्हणजे पोटाखालून खोगीर आवळणाऱ्या पट्ट्याच्या, जागेवरून हात फिरवा. घामाने ओल्या पाठीवर मध्येच एखादा कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब जास्त पडतोय. सकाळी खोगीर घालायच्या आधी खरारा नीट करा, वाळलेला घाम आणि मातीचा एक कण तंगाखाली राहिला तरी दुपारपर्यंत जखम होते. गादी रात्री वाळवा, दव पडणार नाही अशा जागी.

दुडकी

सगळ्यांनी छान लिहिलंय, एक सुटलंय ते सांगते. जे सामान तुमचा जीव वाचवणार आहे ते घोड्यावर नको, तुमच्या अंगावर हवं. फोन, काडेपेटी किंवा लाइटर, चाकू, शिट्टी, नकाशा, स्वतःची औषधं, हे सगळं कमरेच्या पाउचमध्ये. तुम्ही पडलात आणि घोडा पळाला तर पडशीतलं सगळं त्याच्यासोबत जातं.

घोड्याच्या मोरखीला फोन नंबर लिहिलेली पट्टी लावा, आयाळीतही एक वेणीत बांधून ठेवा, कारण मोरखी निघू शकते. हेल्मेट चारही दिवस, आणि टाच असलेलेच बूट, ट्रेकिंगचे जाड खाचांचे बूट रिकिबीत अडकतात.

रानवाट

किती आणि कसे आभार मानू! आज बसून तिघींनी मिळून ठरवलं: चौथा घोडा नेतोय, पहिल्या आणि तिसऱ्या मुक्कामाला गाडीने वैरण टाकून घेणार, दुसऱ्या मुक्कामाला कुरण आहे तिथे परवानगीसाठी बोलणं सुरू केलंय. पायबंदाची शिकवणी उद्यापासून. अजून एकच शंका. दिवसाला किती अंतर धरायचं? आम्ही ३५ किलोमीटर धरलं होतं.

साधा_स्वार

३५ कमी करा. सामान घेतलेला घोडा चालीने तासाला पाच-सहा किलोमीटर जातो, त्यात पाण्याला थांबणं, सामान नीट करणं, उताराला उतरून चालणं. सकाळी चार घोड्यांना खरारा, चंदी, खोगीर आणि ओझं बांधणं यातच सुरुवातीला दोन-अडीच तास जातील. आणि तीन-चारला थांबायचंय म्हणजे प्रत्यक्ष चालायला पाच तास हातात. पहिल्या दिवशी १५, मग २० ते २५ असं धरा.

पुढच्या दोन महिन्यांत घोड्यांचाही सराव हवा, आठवड्यातून तीन-चार दिवस, अंतर हळूहळू वाढवत, आणि शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत सामानासकट. चौथ्याला तर नक्कीच, कारण वयाने मोठा आहे म्हणालात. थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांत त्याचे ठोके साठच्या खाली यायला हवेत. येत नसतील तर त्याचं ओझं कमी करा किंवा दुसरा घोडा बघा. सरावाचा पहिला आठवडा झाला की त्याचे आकडे इथे टाका, बघून सांगतो.